ओंकार घरी

राधाकृष्ण औटी वीज मंडळात एकतीस वर्षं वायरमन होते. स्मशानाशेजारच्या डीपीच्या पेट्या त्यांनी उघडल्या होत्या, भर पावसात वडाखालच्या खांबांवर ते चढले होते, आणि या सगळ्यात त्यांना एकदाही भूत भेटलं नव्हतं. भेटला तो शॉक. "करंट आपोआप येत न्हाई," ते सांगायचे. "कुठून तरी आलेला आसतो. त्याचा माग काढायचा." निवृत्त झाले तरी टेस्टर काही शर्टाच्या खिशातून निघाला नव्हता.

सुपा-पारनेर रस्त्याला, फाट्यापासून दीड किलोमीटर आत त्यांची वस्ती. चार खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं पत्र्याची पडवी, डाव्या हाताला गोठा, मागं डाळिंबाची बाग आणि बागेच्या टोकाला एक कोरडा बोअर. इंटरनेटची वायर टाकणारे फाट्यापर्यंत आले आणि एका घरासाठी एवढे खांब कोण उभे करणार म्हणून तिथूनच परत गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात वायर नेली, आपल्या दारात काही ती येईना, असं म्हणून राधाकृष्ण स्वतःच हसायचे.

तरीही घरात ते बोलणारं डबडं होतं. दुकानात त्याला स्मार्ट स्पीकर म्हणतात, राधाकृष्णांच्या तोंडी ते डबडंच. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, ओंकारनं, ते पहिल्या पगारातून आईसाठी आणलं होतं. मालनबाईंचे डोळे साखरेनं नेले होते. घड्याळ दिसत नाही, टीव्ही दिसत नाही, बाईमाणसानं दिवस काढायचा कसा? ओंकारनं डबडं कोनाड्यात ठेवलं आणि आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट त्याला जोडून दिलं. हॉटस्पॉटला नाव ठेवलं 'ओंकार घरी'. तेव्हापासून मालनबाई आपल्या मोडक्या हिंदीत विचारायच्या, "बाई, टाईम कितना हुआ?" आणि डबड्यातली बाई अदबीनं वेळ सांगायची, भजनं लावायची, साडेबाराला गोळीची आठवण करायची.

पण हे सगळं ओंकार घरात असेपर्यंत. तो फाट्यावरच्या गोदामात कामाला गेला, की बाई मुकी. बारा-सव्वाबाराला तो जेवायला यायचा. त्याची गाडी गोठ्यापाशी आली की डबडं मोबाईलला ओळखायचं, 'टुंग' असं हळूच वाजायचं, आणि चपलांचा आवाज येण्याआधीच मालनबाई म्हणायच्या, "आला ओंकार. ताट घ्या."

गेल्या जूनमध्ये ओंकार गेला. रागाच्या भरात गेला, मोबाईल घेऊन गेला, आता उचलत नाही, असं राधाकृष्णांनी बायकोला सांगितलं, गावाला सांगितलं आणि पोलीस ठाण्यातही लिहून दिलं. मोबाईलचं शेवटचं ठिकाण तुमच्या वस्तीवरचंच दिसतंय, पोलीस म्हणाले, म्हणजे निघताच बंद केला असणार. राधाकृष्णांनी मान डोलावली.

खरं काय ते त्यांना एकट्याला ठाऊक होतं. त्या दिवशी मालनबाईंची साखर उतरली होती. ओंकारला हाका मारता मारता त्या जमिनीवर पडल्या, आणि ओंकार शेजारच्या खोलीत कानात बोंडं घालून मोबाईल बघत होता. राधाकृष्णांनी आधी बायकोच्या तोंडात साखर घातली. ती सावरल्यावर त्यांनी पोराच्या हातातला मोबाईल हिसकावला, बाग ओलांडली, आणि साडेपाचशे फूट खोल बोअरमध्ये तो सोडून दिला. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. ओंकार मागं धावत आला होता. तो बोअरच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ आत बघत राहिला. "आण्णा, हे लई वाईट केलंत," एवढं बोलून तो उठला आणि फाट्याच्या दिशेनं चालत निघाला. चपला घालायलाही घरात आला नाही.

त्या संध्याकाळी राधाकृष्णांनी बोअरवर एक मोठा दगड सरकवून ठेवला. आधी लाजेपोटी खोटं बोलले, आणि मग खोटं बोललो म्हणून खरं सांगता येईना. अकरा महिने असेच गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, डबडं 'टुंग' वाजलं.

मालनबाई लसूण सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. "आला," त्या म्हणाल्या. "ताट घ्या."

राधाकृष्ण पडवीत आले. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. ओंकारची मोटरसायकल ताडपत्रीखाली होती तशीच होती. गाय दाव्याला ताण देऊन बागेकडं बघत उभी होती. बाकी चिटपाखरू नव्हतं. आतून मालनबाईंचा आवाज आला, "बाई, टाईम कितना हुआ?" आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच बाईनं उत्तर दिलं, "दोपहर के बारह बजकर ग्यारह मिनट हुए हैं."

थोड्याच वेळात ती पुन्हा मुकी झाली.

राधाकृष्णांनी प्लग काढून बघितला, टेस्टर लावला, इन्व्हर्टर तपासला. सगळं ठीक होतं. मोबाईलची बॅटरी फार तर दोन दिवस, आणि साडेपाचशे फूट खडकाखालून रेंज येत नाही, हे त्यांनी मनाला दोनदा समजावलं. तरी खाई त्याला खवखवे. पाय बोअरकडंच वळले. दगड जागच्या जागी होता. शेजारी बोअर खणताना निघालेल्या करड्या भुकटीचा ढीग होता, चार वर्षांत दबून बसलेला. त्यांनी दगडावर हात ठेवला. मेच्या उन्हात हात भाजायला हवा होता. दगड गार होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा 'टुंग'. तिसऱ्या दिवशी बाई साडेबारापर्यंत टिकली आणि गोळीची आठवण करूनच गप्प झाली. मालनबाईंच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्या केस विंचरून बसू लागल्या, साडेअकरालाच चूल पेटवू लागल्या, तिसरं ताट वाढून झाकून ठेवू लागल्या. "लाजतोय त्यो," त्या म्हणायच्या. "दारापत्तोर येतोय आन् माघारी फिरतोय. तुमी काय बोलू नगा त्याला."

राधाकृष्णांना मात्र कुठं बसवेना. अकरा वाजले की ते पडवीतून गोठ्यात, गोठ्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून पुन्हा पडवीत अशा येरझाऱ्या घालत. दोनदा फाट्यापर्यंत चालून आले. वर्तमानपत्रातली एकच ओळ चार-चार वेळा वाचूनही कळेना. चौथ्या दिवशी त्यांनी बाराच्या ठोक्याला प्लग उपटला.

सव्वाबारा झाले तरी आवाज येईना, तेव्हा मालनबाई भिंतीला धरून कोनाड्यापर्यंत आल्या. त्यांनी वायर चाचपली, लोंबणारा प्लग हातात धरला आणि तशाच रडू लागल्या. "पोराला उन्हात उभं केलंत तुमी. पायात चपला बी न्हाईत त्याच्या."

राधाकृष्णांनी प्लग लावला. ओंकार अनवाणी गेला हे त्यांनी बायकोला कधीच सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यांनी पुतणीला, अश्विनीला फोन केला. ती शहरात, सावेडीला राहायची, कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. रविवारी सकाळी स्कूटरवरून आली, डबडं उलटंपालटं करून बघितलं आणि हसली.

"काका, यात घाबरण्यासारखं काही नाही. हे फक्त नाव आणि पासवर्ड ओळखतं. ओंकारनं दुसरा मोबाईल घेतला असेल, नाव-पासवर्ड तेच ठेवलं असेल, तर हे जोडणारच. पण पंचवीस-तीस फुटांच्या आत यायला लागतं." मग तिचं हसू मावळलं. "म्हणजे तो खरंच इथं येतोय, काका. अगदी जवळ."

राधाकृष्णांना एवढं हलकं वाटलं की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. दुसरा मोबाईल! ही गोष्ट आपल्याला का सुचली नाही? पोरगं जिवंत होतं, आसपास होतं, आईसाठी येत होतं. करंट कुठून तरी आलेलाच असतो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

बाराला पाच मिनिटं असताना दोघं मागच्या दारानं बागेत शिरले. अश्विनीनं मोबाईल पुढं धरला होता. बारा वाजून आठ मिनिटांनी यादीत नाव उमटलं: ओंकार घरी. रेंजची एकच काडी.

"इकडून," ती कुजबुजली.

डाळिंबाच्या ओळींतून ती पुढं सरकत गेली. दोन काड्या. तीन. बागेच्या टोकाला रेंज पूर्ण भरली. अश्विनीनं आजूबाजूला बघितलं. मोकळं माळरान, कुसळं, ऊन. माणूस लपेल एवढं झुडूपही नव्हतं.

"काका, इथं फुल दाखवतंय. काय आहे इथं?"

"काय न्हाई. कोरडा बोअर."

सांगायची वेळ तीच होती. राधाकृष्ण दगडाच्या पुढं येऊन उभे राहिले.

"थांबा," अश्विनी म्हणाली. "कमी होतेय."

तीन काड्या. दोन.

"तो निघाला, काका. घराकडं."

ती मागं वळली आणि रेंजच्या मागोमाग चालू लागली. त्यांच्या पुढं कुणीही नव्हतं. पानही हलत नव्हतं. गोठ्यापाशी रेंज भरली, तेव्हा गाय दावं ताणून भिंतीला चिकटली होती. पडवीपाशी कमी झाली, पायरीपाशी पुन्हा भरली.

आतून 'टुंग' असा आवाज आला.

आणि मालनबाईंचं हसू ऐकू आलं. लहान पोराशी बोलावं तसं त्या कुणाशी तरी बोलत होत्या.

राधाकृष्ण दारात थांबले. खोलीत मालनबाई एकट्याच होत्या, ताटासमोर, चेहरा वर करून. खोलीत एक वास होता. बोअर खणताना आठ दिवस अख्ख्या घरात भरून राहिला होता, तोच, दगड जळल्याचा.

"काकू, कोणाशी बोलताय?" अश्विनीनं विचारलं.

"ओंकारशी. आत्ता भाईर गेला की. तुमाला दिसला न्हाई व्हय? वाळलाय गं लई. हात तर निस्ते गार."

त्या दाराकडं वळल्या. त्यांच्या उजव्या गालावर करड्या भुकटीचे चार पट्टे होते. बोटांएवढे. कानापासून हनुवटीपर्यंत, हळुवार ओढलेले.

"काय म्हनला?" राधाकृष्णांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"काय बोलंना बघा आधी. मग म्हनला, आण्णांनी वर दगड कशापायी ठिवला?" मालनबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कसला हो दगड?"

राधाकृष्ण वळले आणि बागेतून धावत सुटले. त्यांचं वय सदुसष्ट होतं. अश्विनी मागून हाका मारत होती. बोअरपाशी त्यांनी गुडघे टेकले, दगडाला दोन्ही हात लावले आणि सगळ्या ताकदीनिशी तो बाजूला ढकलला.

काही नव्हतं. वीतभर रुंदीचं काळं भोक होतं, आणि आतून गार वारा वर येत होता.

"मोबाईल त्यानं नेलाच न्हाई," ते भोकाकडं बघतच बोलले. "म्या टाकला हितं. पोलिसांला खोटं सांगितलं. तुझ्या काकूला खोटं सांगितलं. पोराच्या खिशात फोन न्हवता, अश्विनी. पायात चपला न्हवत्या. वाटंत कायबाय झालं, तर कुनाला हाक मारली आसंल त्यानं?"

बोलून झाल्यावर ते रडले.  मग मान वर करून त्यांनी अश्विनीकडं बघितलं.

ती मोबाईलकडं बघत दोन पावलं मागं सरकली. मग पुन्हा त्यांच्याजवळ आली. मग पुन्हा मागं.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "रेंज बोअरपाशी नाहीये."

घराकडून मालनबाईंची हाक आली, "अहो, अन्न गार व्हतंय. त्याला घेऊन या की आत. दोगंबी या."

राधाकृष्णांनी उठायला म्हणून जमिनीवर हात टेकला, आणि त्यांची नजर आपल्या खांद्यावर गेली. सकाळी घातलेला पांढरा शर्ट होता. खांद्यावर चार करडी बोटं उमटली होती, मागून पुढं आलेली. पाचवा, अंगठ्याचा ठसा मात्र दिसत नव्हता, तो कॉलरच्या आत होता, गळ्यापाशी. तो अजून गार लागत होता.