त्यानं विचारलं तर...

जिन्याखालच्या भिंतीवर मैना कवटी रंगवत होती. खाली ‘एड्स म्हणजे मरण’ एवढंच लिहायचं बाकी होतं, आणि काळा रंग संपत आला होता.

“दात मोजून काढलेस का?” मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा एक उंच मुलगा, हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा.

“का? काय चुकलं?”

“दात बरोबर आहेत. बाकी सगळं चुकलंय. हे बघून कोण तपासणीला जाईल?”

“भीती वाटली की माणूस जपून वागतो.”

“भीती वाटली की माणूस लपतो,” तो म्हणाला.

मैना हे तिचं खरं नाव नव्हे. तोंड क्षणभर बंद राहत नसे, म्हणून कॉलेजनं ते ठेवलेलं. जनजागृती सप्ताहाचं काम सरांनी तिच्या गळ्यात मारलं होतं, तेही याच कारणानं. तिनं हातातला ब्रश त्याच्यापुढे धरला.

“एवढी अक्कल पाजळतोयस, तर तूच काढ ना चित्र!”

“चित्र येत नाही गं. उत्तरं येतात.”

त्यातून प्रश्नपेटी निघाली. बुटांचा रिकामा खोका, वर एक चीर. ग्रंथालयाच्या दाराशी ठेवला. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर. पहिल्या दिवशी अकरा चिठ्ठ्या निघाल्या. दोघं ग्रंथालयाच्याच कोपऱ्यात बसून त्या सोडवू लागले.

“डास चावल्यानं होतो का?” मैना वाचायची.

“नाही.”

“मिठी मारली तर?”

“नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “कुणाला मारायचीय, त्यावर बाकीचे धोके ठरतात.”

ती चिठ्ठ्यांत तोंड खुपसून हसली. ‘एका कपातून चहा प्यायलो तर?’ याचं उत्तर तिनं स्वतः ठसठशीत अक्षरात लिहिलं – नाही, नाही आणि नाही.

एका चिठ्ठीत एकच ओळ होती – ‘तपासणी करायची आहे, एकट्याचं धाडस होत नाही.’ त्यानं फळ्यावर तपासणी केंद्राचा पत्ता लिहिला, नाव गुप्त राहतं हे लिहिलं आणि पुढे जोडलं – ‘फार्मसीच्या लॅबमध्ये ये, मी सोबत येतो.’ गुरुवारी तो खरंच कुणाला तरी घेऊन गेला.

“कोण होतं रे?”

“ते सांगायचं असतं, तर पेटी कशाला ठेवली असती?”

मैना त्या दिवशी घरी जाताना त्याच्याच विचारात होती. हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ते फारसं मनावर घेतलं नाही. निदान तसं ठरवलं.

शनिवारी दुपारी पेटीतून एक चिठ्ठी निघाली – ‘उत्तरं लिहिणाऱ्याला कुणी आवडतं का?’

त्यानं ती दोनदा वाचली. “हे अक्षर डाव्या हातानं काढलंय.”

“लोक फार लबाड असतात बाई...” मैना खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“उत्तर ‘हो’ आहे. रोज समोरच बसते. पण—”

चहाचा एकच कप मिळाला होता. त्यानं दोन घोट घेऊन तो तिच्यापुढे सरकवला होता, आणि तो तिच्या हातात होता.

“मला एचआयव्ही आहे,” तो म्हणाला. “जन्मापासून. आईकडून आला. ती गेली, मावशीनं वाढवलं. रोज गोळी घेतो, तब्येत ठणठणीत आहे. पण तुला हे आधी कळायला हवं.”

ओठांपाशी गेलेला कप थांबला. अगदी क्षणभरच... पण त्यानं पाहिलं.

“ठेव खाली. घाई नाही,” तो शांतपणे म्हणाला.

“मला तास आहे,” असं म्हणून ती उठली. शनिवारी दुपारी कुठलाच तास नसतो, हे दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी ती त्याच तपासणी केंद्रावर गेली. सप्ताहासाठी कॉलेजात येऊन फळा वाचून गेलेल्या तिथल्या समुपदेशक ताईंना तिनं सगळं विचारलं; लाजेचे प्रश्नही सोडले नाहीत. औषध नियमित घेतलं आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे ताईंनी समजावलं. योग्य उपचार चालू असले, तर मुलंही निरोगी होऊ शकतात.

“पण हे तर तूच फळ्यावर लिहिलंयस!” ताई म्हणाल्या.

“लिहिलं होतं ताई. स्वतःसाठी वाचलं नव्हतं.”

मग ती लॅबच्या दाराशी उभी राहिली. “माझं चुकलं.”

“चुकलं नाही. घाबरलीस.”

“थोडी अजून घाबरलेय. खोटं कशाला बोलू?”

“चालेल,” तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र तीन दिवसांत प्रथमच सैल झाला.

सप्ताहाच्या शेवटी सभागृहात दोनशे मुलं जमली. मैना मंचावरून बोलत होती. मागच्या रांगेतून एकानं ओरडून विचारलं, “भाषण ठीक आहे! तू स्वतः एचआयव्ही असलेल्या मुलाशी लग्न करशील का?”

हशा पिकला. सर उठू लागले. तो दाराजवळ उभा होता, नजर जमिनीवर. मैनेनं तिकडे पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं, तर दोनशे माना तिकडे वळल्या असत्या. ते गुपित त्याचं होतं.

“त्यानं विचारलं तर... हो,” ती म्हणाली. “पण आधी स्वभाव बघेन. तुझ्यासारखा आगाऊ असेल, तर नाही!”

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी ओरडणाऱ्यावर.

सभागृह रिकामं झालं, तेव्हा तो जवळ आला. “स्वभाव कसा वाटतो?”

“चौकशी चालू आहे.”

“मग... विचारू का?”

“आधी परीक्षा होऊ दे. आईला मी सांगेन, माझ्या पद्धतीनं. ती रडेल, चिडेल. मग तिला ताईंकडे घेऊन जाईन. वेळ लागेल.”

“आणि तोवर?”

“तोवर मला घरापर्यंत सोडायला ये. लांबच्या रस्त्यानं.”

अर्ध्या वाटेत तिनं त्याचा हात धरला. त्यानं काही विचारलं नाही. लांबचा रस्ता वीस मिनिटांचा होता. त्यांना सव्वा तास लागला.