फरशीवरचं तेल

निकेश पहिल्यांदा आमच्या घरी आला, तो थेट आमच्या फरशीवर आडवाच झाला.

वरच्या मजल्यावर नीताताई भाड्याने राहायच्या. त्यांचा हा धाकटा भाऊ, मोऱ्याच्या बंदरावरचा. ताईंसाठी कोलंबीची पिशवी घेऊन आला होता. परतीचा पाऊस भुरभुरत होता, त्याच्या चपला ओल्या, आणि आमच्या जुन्या मोटारसायकलखाली तेलाचं थारोळं. तो सपशेल पडला, पण पिशवी मात्र हातात उंच धरलेली. मला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो कंबर चोळत म्हणाला. "तेल तुमचं, कंबर माझी."

"बघून चालायचं."

"बघतच होतो..." म्हणाला आणि थांबला. काय बघत होता ते काही सांगितलं नाही. कान मात्र लाल झाले.

त्याला काय, पडला आणि उठला. माझी तर त्या तेलाने झोप उडवली होती. गाडी बाबांची, माझ्यापेक्षा वयाने मोठी. बाबांनी करंजाड्याला नवं घर बांधलं, पांढरीशुभ्र फरशी घातली, आणि गाडीवरचा त्यांचा सगळा जीव फरशीवर गेला. मी त्याच गाडीवरून उलव्याला एका बिल्डरच्या ऑफिसात कामाला जायचे. २०१२ साली तिकडे जायला धड वाहन नव्हतं, सगळीकडे नुसते डंपर आणि धूळ.

"रंजे," बाबांनी सांगूनच टाकलं होतं, "रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतोय. तवर गळती थांबली तर गाडी तुझी. नाय तर गाडीपन गेली आनि नोकरीपन. रोज कोनाकोनाच्या रिक्षात बसून नाय जायचं." बुधाजी पाटील एकदा बोलले की विषय संपला.

निकेशने वाकून इंजिनावरून बोट फिरवलं. "झाकणाचं पॅकिंग गेलंय. आमच्या बोटीच्या इंजिनाचं मीच बदलतो. उद्या येऊ?"

तोही उलव्यालाच एका साइटवर स्टोअर सांभाळायचा, हे ताईंकडून कळलं होतं. "उलव्याहून मोऱ्याला जाताना करंजाडे कुठे लागतं?" मी विचारलं.

"ताईला भेटायचं असलं की लागतं."

आजवर कधी न फिरकलेला हा भाऊ मग रोज संध्याकाळी येऊ लागला. ताईंकडे चहापुरता, गाडीपाशी अंधार पडेपर्यंत. त्याने तेल काढलं, झाकण उघडलं, कडेला चिकटलेलं जुनं पॅकिंग ब्लेडने हळूहळू खरवडलं. मी ताटलीत बोल्ट सांभाळत बसले. एकेक बोल्ट देताना तेलकट बोटांना बोटं लागायची, आणि दोघांनाही एकदम काहीतरी दुसरंच शोधायचं असायचं.

"एका दमात आवळायचं नाय," तो म्हणाला. "समोरासमोरचे घ्यायचे... थोडे थोडे."

"तुमचं सगळंच थोडं थोडं दिसतंय."

पाना त्याच्या हातातून निसटला. तो शोधायला त्याने बराच वेळ लावला.

पण दुसऱ्या दिवशी फरशीवर थेंब. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नवं पॅकिंग, बोल्ट नीट आवळलेले, तरी थेंब आहेच. निकेशचं तोंड उतरलं. मी रविवारपर्यंतचे दिवस मोजत होते. त्यातून एक वेडा विचारही यायचा... गळती थांबली तर हा कशाला येईल? मला गाडी हवी होती आणि गाडीपाशी बसणारा तोही हवा होता. हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

शनिवारी दुपारी मी रॉकेलने इंजिन धुऊन पुसलं आणि आईचा पावडरचा डबा आणला.

"हिला काय आता पावडर लावून बघायच्या कार्यक्रमाला बसवताय?" निकेश म्हणाला.

"तेल जिथून येईल तिथली पावडर ओली होईल. गप्प बसा आणि बघा."

सगळ्या इंजिनावर पावडर उडवली. थोडी त्याच्या नाकावरही बसली, मी सांगितलं नाही. गाडी चालू केली. दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. झाकण पांढरं. कडा पांढऱ्या. आणि मागे लोंबणाऱ्या रबरी नळीतून एक थेंब टपकन पडला.

"ही तर इंजिनाच्या हवेची नळी," तो पुटपुटला. "पॅकिंग कोरडं हाय." त्याने गाडी बंद केली, मेन स्टँडवर सरळ उभी केली आणि तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. तेल खुणेच्या कितीतरी वर. "एवढं आलं कुठून?"

"मी सकाळी निघताना थोडं ओतायचे," मी म्हटलं. "गळतंय ना... इंजिन जाम झालं तर, म्हणून."

त्याने कपाळाला हात लावला. "आनि मी संध्याकाळी जाताना."

"तुम्ही? कशाला?"

"बोट दर्यात निघायच्या आधी वरनं थोडं तेल घालायचंच, घरची सवय हाय. आनि तू एकटी एवढ्या लांब जातेस... वाटेत बंद नको पडायला."

म्हणजे पॅकिंग बदलल्यापासून गाडीला काही झालंच नव्हतं. आम्ही दोघं चोरून तिला पाजत होतो आणि ती बिचारी जास्तीचं ओकत होती. मी हसायला लागले, तोही. हसता हसता माझे डोळे भरून आले, इतकं मोकळं वाटलं. त्याने मला 'तू' म्हटलं, हे तर फार उशिरा लक्षात आलं.

जास्तीचं तेल काढलं. संध्याकाळी बाबांनी स्वतःच्या हाताने गाडीखाली पेपर पसरला. रविवारी सकाळी तोच पेपर उचलून उजेडात धरला, तळहात फिरवून पाहिला. दारात टेम्पो उभा होता.

"कोरडा हाय," बाबा म्हणाले, आणि भंगारवाल्याला गच्चीवरचे गंजलेले पत्रे दाखवायला घेऊन गेले. मी पायरीवर बसून राहिले.

संध्याकाळी निकेश आला. हातात पाना नाही, पिशवी नाही. इस्त्रीचा शर्ट.

"गळत नाय ना?"

"नाही."

"बरं झालं."

"हो..."

तो फरशीकडे बघत उभा राहिला. फरशी इतकी स्वच्छ होती की बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"ताई घरात नाहीत," मी म्हटलं.

"म्हायती हाय. सकाळी मीच तिला मोऱ्याला सोडली."

"मग... कोणाला भेटायला आलास?"

"तुला," तो म्हणाला. "रोज तुलाच भेटायला येत होतो."

"कोन हाय गं?" आतून बाबांचा आवाज आला.

"निकेश आहे."

"गाडीचं काय राहिलंय काय?"

मी निकेशकडे पाहिलं. "नाही बाबा," मी म्हणाले. "मला भेटायला आलाय."

आतला टीव्ही बंद झाला. निकेशने शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मंग त्याला भायेर काय उभा केलास?" बाबा म्हणाले. "आत घे. पाय पुसून ये म्हनावं."