दावण

प्रदर्शनासाठी राजनंदिनीला एक जुना गोठा हवा होता, आणि हिंजवडीच्या पुढचा हा गोठा दुसऱ्याच दिवशी पाडणार होते. जमीन कुठल्याशा आयटी कंपनीला गेली होती. म्हणून रविवारी दुपारी तिने नवऱ्याला, योगेशला, स्कूटर काढायला लावली.

"लग्नातसुद्धा माझे तुझ्या म्हशींएवढे फोटो निघाले नाहीत," योगेश म्हणाला.

"म्हशी जागच्या हलत नाहीत. तुझं तसं नाही."

तिच्या गळ्यात त्याने अमेरिकेहून आणलेला नवाकोरा डिजिटल कॅमेरा. गोठा दिसला आणि ती स्कूटर थांबायच्या आतच उतरायला निघाली. कौलांच्या फटींतून कवडसे उतरलेले, दावणीला ओळीने खुंटे. जनावर एकही नाही. शेणाचा, कडब्याचा वास मात्र ताजा, ऊबदार.

"थांब गं."

असं म्हणत अंधारातून एक म्हातारी दाराशी आली. हातात भाकरीचा तुकडा, तांब्या. तिने तुकडा ओवाळून टाकला आणि राजनंदिनीच्या पायांवर पाणी घातलं. राजनंदिनी हरखलीच. सासरी हेच लिफ्टच्या दाराशी घाईघाईत उरकलं होतं! उजवं पाऊल टाकून ती आत शिरली आणि फोटो काढत सुटली. काय उजेड होता!

"आजी, सगळ्या पाव्हण्यांचं असं करता?"

"पाव्हण्याचं कशाला... दावणीला नवं आलं की करायचं आसतं."

कॅमेरा खाली आला. मागे कुणीतरी सावकाश रवंथ करत होतं... आणि खुंटे तर सगळे रिकामे.

"मी... निघते, आजी."

"जा की. दावं मोकळं ऱ्हाऊ नये, येवढंच..."

ती धावली. कॅमेऱ्याचा पट्टा खुंट्यात अडकला. तो गळ्यातून काढून टाकून ती बाहेर आली.

"कॅमेरा?" योगेशने विचारलं.

"आत... राहू दे ना."

"राहू दे? म्हशी फोटो काढणारेत का?" हसत तो आत गेलासुद्धा.

काय सांगणार? वेडी म्हणेल. ती क्षणभर अडखळली, आणि तेवढ्यात आतून पायांवर पाणी ओतल्याचा आवाज आला.

"योगेश!"

तो लगेच बाहेर आला. हातात कॅमेरा, पँट खाली भिजलेली. त्याने स्कूटर सुरू केली. त्याला घट्ट धरून ती औंधपर्यंत बडबडत राहिली. सुटलो एकदाचे! त्याने मात्र एकही टोमणा मारला नाही.

सिग्नलला त्याच्या पाठीवर एक माशी बसली. योगेशचे दोन्ही हात हँडलवरच होते. तिच्या तळव्याखाली, शर्टाच्या आत, तेवढीच कातडी थरथरली, आणि माशी उडाली.