उपाशीपोटीचं रक्त

पहिल्यांदा मी खरंच विसरले होते. सकाळी साडेसहाला बेल वाजली, तेव्हा दोन चमचे साखरेचा चहा आणि चार बटर पोटात गेले होते. दारात रक्त घ्यायला आलेला एक उंच माणूस. बारा तास काही खाल्लं नाहीत ना, असं त्याने विचारलं. चार मजले चढून आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं… मी खुशाल ‘नाही’ म्हणून टाकलं.

त्याचं नाव मार्तंड. नाव असं, आणि आवाज मात्र शेजारी बाळ झोपलंय असा.

आमच्या घाटकोपरात एक संशोधन चालू होतं – रक्तातल्या खुणांवरून बायकांना आणि पुरुषांना असलेला हृदयविकाराचा धोका आधीच ओळखता येईल का, याचं. मी नाव दिलं ते आईमुळे. तीन वर्षांपूर्वी तिचा जबडा दुखत होता, मळमळत होतं. रक्त तपासलं, हृदयाला इजा झाली की वाढतो तो आकडा मर्यादेत आला, पित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं. त्याच आठवड्यात ती गेली. ती मर्यादा पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना एकच धरतात, बायकांची कमी धरायला हवी, हे मार्तंडने मला दंडाला पट्टा बांधता बांधता समजावलं. आईबद्दल इतकं नीट कुणी बोललंच नव्हतं.

माझा चरबीचा आकडा भलताच वाढलेला आला, म्हणून पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. त्या दिवशी मी मुद्दाम चहा प्यायले. शुक्रवारी पवईच्या ऑफिसातून निघाले की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारा फक्त भाजीवाला. आकडा पुन्हा चुकला तर हा पुन्हा येईल, एवढाच माझा हिशोब.

“मूठ बघा किती घट्ट… माझ्यावर राग आहे का?”

“रागवायला ओळख लागते,” मी म्हणाले.

“होईल की. ही दुसरी भेट ना?”

तिसऱ्या वेळी मात्र त्याने पेटी उघडलीच नाही. जिने चढताना दम लागतो का, जबडा दुखतो का, विचारत राहिला. मग खिशातून चिठ्ठी काढली. माझ्यासाठी त्याने स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली होती.

“दोन रात्री झोप नाही मला,” तो म्हणाला. “तुम्ही इथे एकट्या… काही झालं तर कळणार कुणाला?”

मला माझीच लाज वाटली. आईसारख्या बायकांसाठी चाललेल्या कामात मी खोटा आकडा घुसवला होता, आणि वर या भल्या माणसाची झोप उडवली होती. खरं बोलले तर तो परत येणार नाही, हे ठाऊक होतं. तरी बोलले.

“दोन्ही वेळा चहा घेतला होता मी. पहिल्यांदा चुकून. दुसऱ्यांदा… तुम्ही परत यावं म्हणून.”

खिडकीबाहेरून मेट्रो गेली. मग त्याने फॉर्म काढला, दोन्ही भेटींपुढचं ‘उपाशी’ खोडलं, शेजारी सही केली. आज काय खाल्लंय, विचारलं. आज काहीच नाही, मी म्हणाले; पुन्हा खोटं बोलायची हिंमत झाली नव्हती. त्याने रक्त घेतलं. आता हेच धरतील, म्हणाला, आणि नियमाप्रमाणे पुढची भेट वर्षाने.

वर्षाने. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पेटी उचलून तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

“मी यावं असं वाटत होतं तर तसं सांगायचं ना. त्यासाठी रक्त कशाला द्यायचं, यार?”

“सांगायची सवय राहिली नाही रे.” मी ‘रे’ कधी म्हणून गेले, कळलंच नाही.

“मग आता सांग.”

“ये,” मी म्हणाले. “रविवारी ये. रविवारी माझ्याकडे कुणीच येत नाही.”

तो हसला, मानेनेच हो म्हणाला, आणि उरलेल्या पाच घरांचं रक्त गोळा करायला खाली उतरला. तो बुधवार होता. तीन वर्षं मी एकटीने काढली होती, पण ते चार दिवस काही केल्या सरेनात.