आधी ढग, मग कॉफी

"आधी ढग मोज, मारिएलोस. मग कॉफी."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी पहाटे साडेपाचला हा आवाज मला उठवतोच. उठते, कार्तागोच्या चर्चमधल्या काळ्या माउलीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावते, जपमाळ ओढते आणि मोंतेवेर्देच्या डोंगरावरच्या रानातलं आमचं जाळीचं नळकांडं बघायला निघते. जाळीवर धुकं अडकतं, त्याचे थेंब होतात, थेंब नळीत उतरतात. नळी वाचल्याशिवाय कॉफीचा घोट नाही... हे माझं व्रत.

त्या एप्रिलमध्ये नळी सलग नऊ दिवस कोरडी होती. ढग डोंगराला न शिवता वरूनच निघून जायचे. दहाव्या सकाळी मी नळीपाशी वाकले, तोच—केत्साल पक्ष्याची शीळ! अंगावर सर्रकन काटा आला. धावत गेले, तर शीळ पक्ष्याची नव्हतीच... एका माणसाच्या फोनमधून येत होती! खालच्या ला फोर्तुना गावाहून आलेला वाटाड्या, मागे सहा पाहुणे, आणि सगळे नेमके केत्सालच्या ढोलीसमोर.

"बंद करा ते." माझा आवाज मुळातच हळू, तरी तो दचकला.

"दोनच मिनिटं, आजीबाई..." तो वळला आणि गडबडला. "म्हणजे... टोपीमुळे दिसलं नाही."

"पंचवीस वर्षांची आहे मी! अहो, नराला वाटतं दुसरा नर आलाय. तो अंडी सोडून भांडायला धावतो, आणि अंडी-पिल्लं खाणारा टूकन पक्षी टपलेलाच असतो. पूर्वी टूकन एवढ्या उंचावर यायचा नाही. थंडी हटली तसा वर चढला. या उतारावर आता हे एकच घरटं उरलंय."

त्याचे कान लाल झाले. "खाली सगळेच वाजवतात. मला... खरंच माहीत नव्हतं."

पाहुण्यांना घेऊन तो चक्क मागे फिरला. वळणावर एकदा—एकदाच—माझ्याकडे बघून.

दुसऱ्या सकाळी एकटाच हजर. हातात थर्मास.

"मी ग्रेविन. ही माफीची कॉफी."

"आधी ढग."

त्याने डोळे बारीक करून नळी वाचली. "शून्य. पण तुमच्या कपाळावर एक थेंब आहे. तो धरायचा का?"

"तो घाम आहे. तुमच्यामागे काल धावले त्याचा!"

मग तो येतच राहिला. पाहुणे आणायचा, पण सहाच. ढोलीपासून लांब, बाकावर गप्प बसवायचा आणि एकेकाकडून नळी वाचून घ्यायचा.

"जपात एवढं मागता तरी काय?" त्याने एकदा विचारलं.

"ढग."

"आणि एखादा माणूस?"

"माणसं न मागता येतात. थर्मास घेऊन."

मेमध्ये ढोलीत पिल्लू चिवचिवायला लागलं आणि त्याच आठवड्यात ग्रेविनचा मालक स्वतः बारा जणांना घेऊन आला. अर्धा तास झाला तरी केत्साल दिसेना.

"वाजव शीळ, ग्रेविन. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

ग्रेविनने फोन काढला... आणि त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. "सांभाळा. हात शिवशिवायला नकोत."

तेवढ्यात फांदी हलली. टूकन! ती भलीमोठी रंगीत चोच ढोलीच्या तोंडाशी आली. माझा जप अर्ध्यावरच थांबला. ग्रेविनची बोटं माझ्या बोटांत होती—कधी आली कोण जाणे.

"काळ्या माउली," तो पुटपुटत होता, "पिल्लू वाचव. ऑगस्टच्या जत्रेला कार्तागोपर्यंत चालत येईन."

आणि शेजारच्या झाडातून हिरवी वीज सुटली! लाल छाती, लाटेसारखी लांब शेपटी—नर थेट टूकनच्या अंगावर. एक झडप, दुसरी झडप... टूकन दरीकडे पळाला. शीळ वाजली असती, तर आमचा नर तेव्हा खोट्या शत्रूला शोधत भटकत असता. मालकाने हळूच टोपी काढली. 'उद्यापासून' हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

पिल्लू उडालं त्या सकाळी ग्रेविन धापा टाकत आला.

"मला एक विचारायचंय."

"आधी—"

"ढग, ठाऊक आहे! चार मिलिमीटर! आता विचारू?"

मी नळी स्वतः वाचून पाहिली. चारच.

"आधी नवस फेडा."

"आणि मग?"

"मग..." मी नळीकडेच बघत राहिले. "दोन कप काढून ठेवीन."

जुलैअखेरच्या पहाटे रान धुक्याने गच्च भरलं होतं. मी नळी वाचून मागे वळले, तर फाटकाशी ग्रेविन उभा. पाठीवर लहानशी पिशवी, बुटांना नव्या नाड्या. आज त्याने कॉफी मागितली नाही, थट्टा केली नाही. बोटं वर करून नुसतं दाखवलं—दोन.

मी होकारार्थी मान डोलावली.

तो हसला, टोपी नीट केली आणि पावलांचा आवाज न करता उताराने निघाला. ढगातून, कार्तागोकडे.