चाळीस वेळा चूक

तक्रार: घरून कंपनीच्या डेटाबेसमध्ये लॉगिन होत नाही.

किती दिवस: आठ.

किती प्रयत्न: तक्रारदाराच्या मते चाळीस. कंपनीच्या मते शून्य.

दोष कोणाचा (एकावर खूण करा): यंत्र / लाईन / वापरणारी व्यक्ती.

शेवटचा रकाना नंदिनीने रिकामा ठेवला आणि बेल वाजवली.

सकाळचे पावणेअकरा वाजले होते. उलव्यातली ही चार मजली इमारत घरच्यांचीच होती. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बांधलेली. वर भाडेकरू, खाली मालक.

दार उघडलं ते अस्मिताने. वय तिशीच्या आत. डोळे सुजलेले. उरणच्या एका शीतगोदामात ती कोळंबीच्या मालाच्या तापमानाच्या नोंदी करायची. दीड महिन्यापूर्वी सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कंपनीने तिला घरून काम करायची परवानगी दिली.

"तुम्ही माझी चूक शोधायला आलात ना?" तिने विचारलं.

नंदिनी खांदेश्वरहून आली होती. अशा बिघाडांचे अहवाल लिहिणं हे तिचं काम. कंपनीने तिला स्पष्ट सांगितलं होतं: आज बारापर्यंत बाईंचं लॉगिन झालं नाही तर त्यांना काढायचं आहे, कागदावर कारण हवं.

"मी बिघाड शोधायला आलेय," ती म्हणाली.

चाचणी पहिली

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. शेजारी गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी.

अस्मिताने व्हीपीएन सुरू केलं. घरापासून कंपनीपर्यंत इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा. हिरवा दिवा लागला. बोगदा ठीक होता.

तिने पासवर्ड टाकला. एकेक अक्षर, ओठ हलवत.

पासवर्ड चुकीचा आहे.

"बघितलंत? हेच. रोज हेच."

"मोबाईलच्या इंटरनेटवरून करून पाहिलं?"

"कंपनीला चालत नाही. घरची नोंदवलेली लाईनच लागते."

"ती कोणाची आहे?"

"आपलीच," मागून आवाज आला. एक हसरा माणूस चहा घेऊन आला होता. अस्मिताचा नवरा, प्रीतम. "आजूबाजूच्या चार बिल्डिंगला आपलंच नेट आहे, मॅडम. लाईन एकदम टकाटक. पण भैरूच्या नावाचा पासवर्ड ठेवल्यावर काय होणार? बैलाचं डोकं." त्याने बायकोच्या डोक्यावर टपली मारली. "टेन्शन नको घेऊस गं."

अस्मिताने त्याच्याकडे पाहिलं. मग कपाकडे.

चाचणी दुसरी

नंदिनीने कंपनीच्या ऋषीला फोन लावला. डेटाबेस त्याच्या ताब्यात होता.

"आता एक प्रयत्न झाला. दिसला?"

"नाही. आठ दिवसांत एकही नाही," ऋषी म्हणाला. "मॅडम, खरं सांगू? त्या बसतच नाहीत. बोगदा चालू करतात आणि झोपतात. मी तीनदा पासवर्ड बदलून दिला."

"चुकीचा पासवर्ड तीन वेळा टाकला तर काय होतं?"

"खातं बंद. मी उघडेपर्यंत काही करता येत नाही."

"यांचं कधी बंद झालं?"

"कधीच नाही. प्रयत्नच केला नाही तर बंद कसं होणार?"

फोन स्पीकरवर होता. अस्मिता ऐकत होती. तिने गोळ्यांची पट्टी हातात घेतली, परत ठेवली.

चाचणी तिसरी

"आता व्हीपीएन बंद करा," नंदिनी म्हणाली. "आणि पुन्हा लॉगिन करा."

"बंद करून? मग कंपनीपर्यंत जाणारच नाही."

"करा तरी."

हिरवा दिवा गेला. अस्मिताने पासवर्ड टाकला.

पासवर्ड चुकीचा आहे.

नंदिनीचं पेन थांबलं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

घरातील व्यक्तींची विचारपूस (या फॉर्ममध्ये असा रकाना नाही)

सासू, सुमित्राबाई. पाय स्टुलावर पसरलेला.

"सुनेने नोकरी करावी असं वाटतं तुम्हाला?"

"नाय." उत्तर सरळ आलं. "आमच्या घरान काय कमी हाय? चार मजल्यांची मालकीन ती, नि दुसऱ्याची कोलंबी मोजते."

"तुम्ही तिच्या लॅपटॉपला हात लावता?"

"मना टीवी लावता येत नाय, बाय."

प्रीतम. मोबाईल हातात, पाय हलत असलेला.

"तुम्हाला काय वाटतं?"

"ती विसरायला लागलीय. गॅस चालू ठेवते, चावी हरवते. डॉक्टरकडे मीच नेलं. गोळ्या मीच आणतो. तुम्ही अहवाल प्रेमाने लिहा, मॅडम. तिला लागेल असं नको."

"कपाटावर तो काळा डबा कसला?"

"जुना आहे. भंगार. दोन वर्षं बंद आहे, टाकायचा राहिलाय."

नंदिनी खुर्चीवर चढली. डब्याच्या बाजूला दिवा नव्हता; दिव्याच्या जागी काळी पट्टी चिकटवली होती. वरच्या बाजूला हळदीकुंकवाची दोन ओली वाटावीत इतकी ताजी बोटं. शेजारी सुकलेली झेंडूची पाकळी.

दसरा होऊन तीन दिवस झाले होते.

अस्मिता (स्वयंपाकघरात, दार लोटून)

"भैरू कोण?"

"माहेरचा बैल. मी सहावीत असताना गेला."

"पासवर्डमध्ये त्याचं नाव आहे हे कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. उरणला ऑफिसात बसून ठेवला होता." ती थांबली. "मघाशी ते म्हणाले तेव्हा वाटलं, मीच सांगून विसरले असेन. मला आता असंच वाटतं. सगळ्याच बाबतीत."

"गोळ्या घेतल्यावर झोप येते?"

"दिवसभर."

खुलासा

अकरा वाजून अडतीस मिनिटं. नंदिनीने तिघांना टेबलाभोवती बसवलं.

"अस्मिता म्हणतात चाळीस प्रयत्न केले. ऋषी म्हणतात एकही आला नाही. दोघंही खरं बोलतात."

"असं कसं?" प्रीतम हसला.

"बोगदा बंद असताना कंपनीकडून उत्तर येऊच शकत नाही. तरी आलं. म्हणजे उत्तर देणारा कंपनीत नाही, या घरात आहे."

नंदिनीने लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

"प्रत्येक यंत्राला पत्ता असतो, घरनंबरासारखा. तोच नंबर आपल्या गल्लीतही असला, तर लॅपटॉप आधी गल्लीतलं दार वाजवतो. बाहेर जातच नाही. योगायोगाने असं बऱ्याच घरांत होतं. पण मग कोणी उत्तर देत नाही, नुसती वाट बघत बसावं लागतं. इथे कोणीतरी कंपनीच्या नंबराचं यंत्र मुद्दाम बसवलं आणि त्याला एकच वाक्य शिकवलं. काहीही टाका, ते म्हणणार, चुकीचं. म्हणून खातं कधी बंद पडलं नाही. खऱ्या दारापर्यंत त्या पोचल्याच नाहीत."

"कुठलं यंत्र?"

"तुमचं भंगार. सुमित्राबाई, दसऱ्याला बंद पडलेल्या यंत्राची पूजा करता?"

"चालू हत्याराचीच करतात," म्हातारी म्हणाली. मग तिने मुलाकडे पाहिलं.

नंदिनीने डबा खाली उतरवला. काळी पट्टी सोलली. खाली हिरवा दिवा लुकलुकत होता. डबा लॅपटॉपला जोडून तिने त्यातली नोंद उघडली. चाळीस ओळी, आजच्या दोन धरून बेचाळीस. अस्मिताने टाकलेला प्रत्येक पासवर्ड, तारीखवार. पहिल्याच ओळीत भैरू.

"हा शब्द ज्याला माहीत होता, त्याने ही यादी वाचली होती."

अस्मिता यादी खाली सरकवत होती. पंधराव्या प्रयत्नानंतर तिने जुने, कधीकाळचे पासवर्ड टाकून पाहिले होते. आईचं नाव. शाळेचा हजेरी क्रमांक. पोटातच गेलेल्या बाळासाठी ठरवलेलं नाव, मैत्री.

"हेही वाचलंस?"

"हां. वाचलं." प्रीतमचं हसू अजून पूर्ण गेलं नव्हतं. "नोकरी सोड म्हटलं असतं तर सोडली असतीस?"

"नाही."

"मग? मारलं नाही, शिवी दिली नाही. आजपर्यंत आवाज चढवला का कधी?"

"डॉक्टरकडे नेलंस."

"तुला बरं वाटावं म्हणून."

अस्मिताने यादी मिटली. "नंदिनीताई, किती वाजले?"

"पावणेबारा होऊन गेले."

नंदिनीने डब्याची वायर काढली. लॅपटॉपमध्ये एक ओळ लिहिली: हा पत्ता घरात शोधू नकोस, बोगद्यातूनच जा. मग व्हीपीएन सुरू केलं; त्याचा हिरवा दिवा लागला. प्रीतम उठून खिडकीशी गेला आणि त्याने आपल्या नेटच्या लाईनमनला फोन लावला.

"बंडू, खांबावर आहेस ना? आपल्या घरची लाईन काढ. विचारू नको. आत्ता."

अस्मिताने लॅपटॉप पुढे ओढला. ऋषीने दिलेला नवा पासवर्ड, एकेक अक्षर. या वेळी उत्तर लगेच आलं नाही. लांबून येणाऱ्या माणसाला लागतो तेवढा वेळ गेला.

गोदामाचं पान उघडलं. आठ दिवसांच्या आठ रिकाम्या ओळी. तिने आजची हजेरी नोंदवली.

अकरा वाजून त्रेपन्न.

दोन मिनिटांनी राउटरचा दिवा लाल झाला. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "ओ प्रीतमशेठ, नेट गेलं!"

फोनवर ऋषी होता. "आली. नोंद आली. सॉरी, अस्मिता."

अस्मिता सासूकडे वळली. "आई, हळदीकुंकू तुम्ही लावलंत. हा डबा कसला, विचारलं नाही?"

सुमित्राबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"इचारला ना. त्यो डबा माझेसमोर धरून बोलला, आई, याला नीट लाव. यो तुझे सुनेला घरान बसवनार." तिने सुनेच्या नजरेला नजर दिली. "म्हनून दोन बोटा लावली. बाकीच्यांना एकेकच."



अस्मिताने गोळ्यांची पट्टी आणि काळा डबा लॅपटॉपच्या बॅगेत भरला. चपला घातल्या. मग परत येऊन नंदिनीच्या हातातला फॉर्म आणि पेन घेतलं.

यंत्र, लाईन, वापरणारी व्यक्ती. तिन्ही तिने एका रेषेत खोडले. खाली, जिथे जागा नव्हती तिथे, समासात लिहिलं: नवरा. थोडं थांबून पुढे: आणि सासू.

"आज जेवायला कोन वारनार मना?" मागून सुमित्राबाईंनी विचारलं.

तक्रारदाराची सही: आहे.

तक्रारदाराचा पत्ता: बदलला.