तारेतली आई

"घराला दार नसलं तरी हाक लागती," गोजरबाई म्हणाल्या होत्या. "उंबऱ्याबाहेर उभं ऱ्हायाचं, नाव सांगायचं, आतून कुनी 'ये' म्हनलं का मंगच पाय आत टाकायचा. माझा रविराजबी तसाच येतो. ह्या तुझ्या तारंतून येनाराला कोन इचारनार?"

स्टुलावर चढून कॅमेऱ्याचा स्क्रू आवळता आवळता मोनिका हसली होती. "आई, त्यातून येऊन येऊन कोण येणार? मीच की."

हे झालं शनीच्या शिंगणापुरात, सासूबाईंच्या घरी. घर गावच्या रिवाजाचं, नुसत्या चौकटीचं. कुत्री आत शिरू नयेत म्हणून फळी आडवी लावायची, एवढाच काय तो बंदोबस्त. खाली झोळीत दहा महिन्यांची सृष्टी मूठ चोखत पडली होती.

पोर इथं आणि आईबाप काष्टीला, याचं कारण धुरळा. मोनिका आणि रविराजचं काष्टीत पशुखाद्याचं दुकान, राहायला मागच्याच दोन खोल्या. पेंडीची पोती फोडली की पिवळी धूळ घरभर बसायची आणि सृष्टीची छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. एकदा ओठ निळे पडले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, धुळीत ठेवलीत तर पुढच्या वेळी माझ्याकडे आणू नका. मग दूध तोडून पोर आजीकडे आली.

"पोटची पोर लांब ठेवायची आन् तारंतून माया करायची," गोजरबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. मोनिका ऐकून घ्यायची.

कॅमेरा कंपनीच्या ॲपवर ठेवायला मात्र तिनं साफ नकार दिला. आपलं उघडंनागडं बाळ कुठल्या कुठं कोण बघत बसेल, या विचारानं तिला जेवण जाईना. बीएस्सीला कॉम्प्युटर घेतलेलं, ते आता कामी आलं. दोन्हीकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड होतं. तिनं दोन्ही मॉडेम ब्रिज मोडवर टाकले. म्हणजे मॉडेमनं आपलं डोकं चालवायचं नाही, आलेलं जसंच्या तसं पुढं सरकवायचं. अडवायचं, तपासायचं काम राऊटरचं. मग दोन राऊटरांच्या मध्ये व्हीपीएनचा बोगदा टाकला. काष्टीची खोली आणि शिंगणापूरची खोली जणू एकाच घरातल्या. बाहेरच्याला काही दिसणार नाही.

राऊटरनं शेवटी विचारलं, बोगद्यातून काय काय येऊ द्यायचं? दोन्ही टोकं आपलीच, म्हणून तिनं लिहिलं, सगळं. रविराज काष्टीहून फोनवर ओरडला, "हिरवा दिवा लागला गं, एकदाचा."

पहिले काही दिवस सुखाचे गेले. गल्ल्यावर बसून ती पोरीला बघायची, कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून बोलायची. सृष्टी आवाजाकडे मान वळवायची आणि बोळकं पसरून हसायची.

मग एका संध्याकाळी गोजरबाईंचा फोन आला. "दुपारी निजवलीस ती अजून उठली न्हाई बघ. ब्येस केलंस."

मोनिका दुपारभर श्रीगोंद्याला बँकेत होती. "मी कुठं निजवली, आई?"

"आता गं बया. गात हुतीस की मघाशी. तुला गाता येतं, हे कधी बोलली न्हाईस ती."

मोनिकाला गाता येत नव्हतं. पोरीला झोपवतानासुद्धा ती नुसती थोपटायची.

तिनं स्वतःची समजूत घातली. शेजारचा रेडिओ असेल. कुणीतरी आत घुसलं असेल, तसं होतं कधी कधी. तिनं पासवर्ड बदलला, राऊटरमधल्या नोंदी उघडून बघितल्या. परकं कुणीही नव्हतं. काष्टीकडून आलेली एकच जोडणी दिसत होती, तिची स्वतःची, आणि ती त्या क्षणीही चालू होती. मोनिकाच्या मोबाईलवर काही उघडं नव्हतं.

तिनं काष्टीच्या राऊटरची वायर उपटली. दिवे विझले. मग तिनं सासूबाईंना फोन लावला.

"हळू बोल," गोजरबाई कुजबुजल्या. "पोरीचा डोळा लागतोय. गा तू, गा."

दुसऱ्या दिवशी बाजार होता, गिऱ्हाईक दारात उभं, तरी ती दुकान टाकून शिंगणापूरला गेली. चौकटीतून आत शिरून तिनं पोरीला उचललं. सृष्टीनं तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. दोन्ही हात वर, कॅमेऱ्याकडे. अंग आईपासून लांब ताठ केलेलं.

"भेली तुला," गोजरबाई म्हणाल्या आणि पोर काढून घेतली. "तुझा आवाज वळखती ती. त्वांड न्हाई."

"आवाज माझाच आहे ना, आई."

गोजरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "तारंतून जरा मऊ येतो."

मोनिकानं कॅमेरा भिंतीतल्या स्क्रूसकट ओढून काढला. बोगदा पुसला, मॉडेम ब्रिजवरून काढून पूर्ववत केला. कॅमेरा उंबऱ्यावर वरवंट्यानं ठेचला. सृष्टी ठेचण्याच्या प्रत्येक आवाजाला हुंदका द्यायची.

रात्री रविराजला तिनं फोनवर सांगितलं, मी पोरीला घेऊन येते.

"इथल्या धुळीत? तुझ्या भ्यापायी मारायचीय का तिला?" तो म्हणाला. "काय ऐकू येतंय, कुणाला येतंय, तुझं तुला तरी कळतंय का?"

निळे ओठ तिच्या डोळ्यांसमोर आले. ती एकटीच परतली.

त्यानंतर गोजरबाईंचे फोन कमी झाले. तीन वेळा लावावा तेव्हा एकदा उचलायच्या. पोर कशी आहे, विचारलं की खूश होऊन सांगायच्या, "लई गुनाची झाली. रडनं ठावंच न्हाई आता." आणि एकदा म्हणाल्या, "तूबी सुधारलीस. आता खरी आई झालीस बग."

"कधी? मी आलेच नाही, आई."

पलीकडे त्या हसल्या. कुणाकडे तरी बघून हसावं, तशा.

आज सकाळी रविराज शिंगणापूरला गेला. जाताना म्हणाला, मी डोळ्यांनी बघून येतो, मग तरी तुझं समाधान होऊ दे. पोचला असेल अशा बेतानं तिनं फोन लावला.

"बोला, कोण?" तो म्हणाला.

"अहो, मी. सृष्टी कशी आहे?"

मागं झोळीची दोरी करकरत होती.

"कोण बोलतंय?"

"मोनिका."

"मोनिका इथं माझ्यासमोर बसलीय," रविराज म्हणाला. त्याचा आवाज घाबरलेला नव्हता, वैतागलेला होता. "कुणाची असली थट्टा ही?"

मागून बाईचा आवाज आला, मऊ. "कुणाचा फोन, अहो?"

"कुणी वेडी आहे," तो म्हणाला आणि फोन कट झाला.

तेव्हापासून तिचा नंबर त्यानं ब्लॉक करून टाकलाय. गोजरबाईंचा फोन लागतो, वाजतो, कुणी उचलत नाही.

मोनिका मिळेल त्या एसटीत चढली. श्रीगोंद्याच्या पुढं उसाची ट्रॉली उलटलीय, रस्ता दोन्हीकडून तुंबलाय. शेजारची बाई ऊस सोलून खातेय. चालत निघावं, तर नगरच अजून कितीतरी लांब. म्हणून ती ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना हेच सांगतेय, आणि तुम्हालाही सांगतेय. तुमच्यापैकी कुणी आज दर्शनाला गेलं असेल, पार्किंगच्या मागची तिसरी गल्ली, निळ्या चौकटीचं घर. पाणी मागायच्या निमित्तानं जा. झोळीत अकरा महिन्यांची पोर असेल. रडत असेल तर तिला उचला, बाहेर आणा, कुणाचं ऐकू नका.

हसत असेल, तर कुणाकडे बघून हसतेय, तेवढं बघून या.